तळाशी चार बोटं

पंचवटीतल्या साधना डॉक्टरांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नवसाबाई बारा वर्षं आया होती. मखमलाबादच्या भाजीच्या मळ्यात खुरपणी करत उमेदीची वर्षं गेलेली. हात काटक आणि नजर तिखट. फरशीवर एक केस दिसला तरी झाडूवालीची धडगत नसे. "फिनेल टाकलं, का फरशीला नुसता वास दिला गं?" असं ती भर व्हरांड्यात विचारी.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तीन बाळंतिणींचे टाके लागोपाठ चिघळले. पट्टीला हिरवट पू येऊ लागला. डॉक्टरांनी हत्यारं, चादरी, नळाचं पाणी, सगळ्याचे नमुने तपासायला पाठवले. नवसाबाईची सून प्रतिभा त्याच आठवड्यात इथे बाळंत व्हायची होती.

जंतू सापडले ते जखमा धुवायच्या पिवळ्या औषधाच्या बाटलीत.

"औषधात?" नवसाबाईला हसूच आलं. "बाई, मिठात कधी किडे पडत्यात का?"

"इथे पडले," डॉक्टर म्हणाल्या. "बाटली कोण भरतं?"

"मीच की."

"आधीची धुऊन?"

नवसाबाईचं हसू मावळलं. पिठाचा डबा, मिठाची बरणी कधी तळाला जाऊ देऊ नये, मूठभर ठेवून वर नवं भरावं, घरात बरकत राहते, असं सासूनं शिकवलेलं. बाटलीतही ती चार बोटं औषध राखून त्यावरच नवं कालवून ओती. धुतली म्हणाली असती तरी कोणी पाहायला आलं नसतं. पण डोळ्यांसमोर प्रतिभा आली.

"नाय धुतली. बारा वर्षांत कधीच नाय."

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "पातळ केलेल्या औषधात काही चिवट जंतू तग धरतात, तळाशी वाढतात. तुम्ही वर नवं ओतलं, की तेही पातळच. त्यांचं फावतं."

"मंग स्पिरिटच वापरू की."

"हे मरतील त्यानं. पण धनुर्वाताचे नाही. ते बियांसारखं कवच घेऊन पडून राहतात. त्यांना दाबाखालची वाफच लागते, म्हणून हत्यारं त्या यंत्रात घालतो."

"म्हंजी लव्हाळाच," नवसाबाई म्हणाली. "वरनं पात कापली तरी खाली गाठ जित्ती. आन ब्लीचिंगचं पाणी?"

"रोज ताजं करायचं. आणि रक्त आधी पुसून घ्यायचं, नाहीतर त्याची ताकद रक्तातच संपते."

त्या दिवसापासून बाटली रोज पूर्ण रिती होऊ लागली. धुऊन, उकळून, सुकवून मगच नवं औषध.

प्रतिभाचं पोट फाडावं लागलं. मुलगी झाली. सातव्या दिवशी सिस्टरनं पट्टी सोडली तेव्हा नवसाबाई वाकून पाहू लागली. टाके कोरडे, स्वच्छ.

तिनं औषधाची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

"अहो मावशी, अर्धी होती ना!" सिस्टर ओरडली.

"असू दे. ती काय पिठाचा डबा हाय?"