दुप्पट मागितलेले आयपी

अमरावतीत आमचा इंटरनेट पुरवण्याचा लहानसा धंदा आहे. वलगाव आणि भातकुलीपर्यंत आमची तार जाते. भागीदार दर्यापूरचा, मूळचा केबल टीव्हीवाला. खांब आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे, लिखापढी माझ्याकडे.

नेटवरच्या जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी म्हणतात. आमचे आयपी अकोल्याच्या एका मोठ्या पुरवठादाराकडून वापरायला घेतलेले होते. एक दिवस त्यानं कळवलं, दिवाळीनंतर परत करा, आम्हालाच कमी पडतात. घरगुती गिऱ्हाइकांचं काय, बऱ्याच घरांत मिळून एक आयपी चालून जातो. पण एका हॉस्पिटलला स्वतःचे, कधी न बदलणारे आयपी हवे होते. त्यांचे एक्स-रे त्यांवरूनच नागपूरच्या डॉक्टरकडे जात. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. ते जाईल या धास्तीनं मला जेवण गोड लागेना.

आयपी वाटणाऱ्या नोंदणी संस्थेकडे अर्ज करायचं ठरलं. मी गरजेपुरता आकडा लिहिला. तो पाहून भागीदारानं कपाळाला हात लावला.

"भाऊ, हापिसात कोनी खरं मांगते काय? दुप्पट लिहा. थे अर्धं कापतीन, मंग आपल्याले पुरते."

आमच्याकडे सगळीकडे असंच मागतात, त्यामुळे मलाही ते पटलं. गरजेपेक्षा वरचे सगळे आयपी दर्यापूरच्या जोडण्यांच्या नावावर दाखवले. दर्यापुरात आमचा एक खांबही नव्हता.

संस्थेनं काहीच कापलं नाही. तिथल्या बाईंची अतिशय सभ्य मेल आली: दर्यापूरच्या यंत्रांची बिलं आणि जोडणीचा आराखडा पाठवा. आम्ही गोलमोल उत्तर दिलं. त्यांनी तितक्याच सभ्यपणे पुन्हा तेच विचारलं. मला त्या सभ्यपणाचाच संताप यायला लागला. हो म्हणा, नाही म्हणा, पण हे काय!

"कावून इतकं पुसून राहिले हे लोक?" भागीदार म्हणाला. "तिथं आपल्या वळखीचं कोनी नाई काय?"

ओळख शोधण्यात त्यानं आणखी काही आठवडे घालवले. नागपूरपर्यंत फोन झाले, कोणी सापडलं नाही. तेवढ्यात दिवाळी झाली आणि अकोल्यानं आपले आयपी काढून घेतले. मग मी दर्यापूर खोडून मूळचा आकडा कळवला. मंजुरी त्याच आठवड्यात आली. जेवढे मागितले तेवढे, एकही कमी नाही.

ही बातमी द्यायला भागीदार स्वतः हॉस्पिटलात गेला. परतला तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीत आमचा राऊटर होता. एक्स-रे अडकले म्हणून त्यांनी मधल्या काळात दुसऱ्याची लाइन घेतली होती. त्यानं राऊटर टेबलावर ठेवला.

"पयलेच खरं मांगतलं असतं," तो म्हणाला, "तं तवाच भेटले असते ना?"

मी हो म्हणालो.