कपाटातला दिवा

ओब्दुलिया पोरसवदा होती तेव्हाची गोष्ट. सालेतांच्या घरी ती इस्त्रीला जायची. मागच्या ओसरीवर कोळशाची इस्त्री, शेजारी टोपलीभर चादरी, आणि आतल्या खोलीत मालक-मालकिणीचं भांडण. भांडण नेहमीचंच, पण त्या दिवशीचं तिच्या ध्यानात राहिलं. कारण त्यात दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती, सासूसुद्धा अर्धीच होती. भांडण भिंतीवरून चाललं होतं.

"भिंत पुन्हा रडतेय," मालकीण म्हणाली. "या, हात लावून बघा."

"भिंती रडत नाहीत, आम्पारो. या घरात रडणारी एकच आहे."

"तुमच्या आईनं चुना फासून हे घर मला दाखवलं. कपाट पुढं सरकवलं नि म्हणाली, बघ कसं लख्ख आहे."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"चुन्याला कोण नाही म्हणतं?"

ओब्दुलियाला इतकं हसू आलं की उशीच्या अभ्र्यावर इस्त्री जरा जास्तच वेळ टेकली. श्रीमंतांना भांडायला भिंतही पुरते, असं तिला वाटलं. ती तेव्हा पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहायची. आपल्या मालकीची भिंत असती तर खुशाल रडू दिली असती, वर पदरानं डोळेही पुसले असते, असं तिनं घरी येऊन थोरल्या बहिणीला, गाउदेन्सियाला सांगितलं, नि दोघी पोट धरून हसल्या.

मग लग्न झालं, मूल काही झालं नाही, नवरा ऊसतोडीला गेला तो तापानं तिकडंच गेला. इस्त्री तेवढी सुटली नाही. आमच्या कोआतेपेकात असा सदरा क्वचितच असेल की ज्याची कॉलर ओब्दुलियाच्या हाताखालून गेली नाही. गाउदेन्सिया गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची नि देवळाच्या पायऱ्यांवर तमाल, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, विकायची. चुलीचा धूर खाऊन खाऊन तिची छाती आधीच अर्धी झाली होती. रविवारी दोघी चौकातल्या बाकावर बसायच्या नि एकच बोलणं बोलायच्या. एक घर असावं, दोन खाटा, एक चूल.

"म्हातारपणी दुसरं काय हवं," गाउदेन्सिया म्हणायची, "सकाळी कुणीतरी 'उठलीस का' म्हणून विचारायला हवं."

"आणि नाही उठले तर?"

"तर मग तेही कुणालातरी कळायला हवं."

दोघींनी आयुष्यभर गाठीला बांधलेलं एकत्र केलं तेव्हा गावात विकाऊ असलेलं एकच घर त्यात बसत होतं. ते सालेतांचं. म्हातारी माणसं केव्हाच गेली होती. आता मालक त्यांचा पुतण्या, वकील, गोड बोलायचा.

घर त्यानं दाखवलं ते सुराद्यात. सुरादा म्हणजे आमच्याकडं पावसाच्या आधी दक्षिणेकडून सुटणारा गरम वारा. तो आला की अख्खं गाव मिरच्या वाळाव्यात तसं खडखडीत वाळतं, दारं आपोआप उघडझाप करतात नि माणसांचीही डोकी जरा फिरतात. त्यात पुतण्यानं स्वयंपाकघरात तव्यावर कॉफी भाजायला बाई बसवली होती. कॉफी भाजल्याचा वास आला तर आमच्या कॉफीच्या गावात कुणाला शंका येत नाही. नाही आला तर येते. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. अंगणात पेरूचं झाड होतं, फांदीला ऑर्किड बांधलेली. गाउदेन्सिया झाडाखाली जाऊन उभी राहिली ती हलेचना.

ओब्दुलिया मात्र आतल्या खोलीत गेली. देवदाराचं ते भलंमोठं कपाट तिथंच होतं, भिंतीला पाठ लावून. तिनं दार उघडलं. आत पिवळा बल्ब जळत होता. त्यात नवल काही नव्हतं. कपडे बुरसू नयेत म्हणून आमच्याकडं घरोघर कपाटात बल्ब लावतात. पण कपाट रिकामं होतं. रिकाम्या कपाटात दिवा कशाला लावायचा?

तिनं बहिणीला गाठलं. "ताई, त्या कपाटामागची भिंत रडकी आहे. त्या बाईचं भांडण मी या कानांनी ऐकलंय."

"कधीचं भांडण? तेव्हा तुझे दात होते."

"भिंतीला दात लागत नाहीत."

"अगं, त्या आम्पारोबाईला सूर्यही गार लागायचा. आणि आपण पुसू की. डोळे पुसायचं कबूल केलं होतंस ना तू?" मग जरा थांबून ती म्हणाली, "दुलिया, मला त्या खोलीत एकटीनं खोकायचा कंटाळा आलाय."

ओब्दुलियानं कागदावर अंगठा दिला. वकिलानं कपाट भेट म्हणून सोडलं. मोठ्या मनाचा होता, आणि ते कपाट दारातून निघतही नव्हतं.

पहिले दोन महिने सुखात गेले. सकाळी आधी उठेल तिनं "उठलीस का" विचारायचं, दुसरीनं "नाही" म्हणायचं. मग पाऊस लागला, नि पावसामागून चिपी-चिपी. ही आमची बारीक बुरबूर. ती पडते म्हणावी तर पडत नाही नि थांबते म्हणावी तर आठवडा आठवडा थांबत नाही. आधी चुन्यावर पाण्याचे नकाशे उमटले. मग पोपडे सुटले. कपाटामागून काळे ठिपके निघाले ते वळून खाटेपर्यंत आले. चपलांना हिरवी लव आली. कोनाड्यातल्या सान आंतोनियो संताच्या मूर्तीला हनुवटीवर पांढरी बुरशी धरली.

"बघ," गाउदेन्सिया म्हणाली, "दाढी आल्यावर कसा कर्ता पुरुष दिसतोय."

हसताना तिला ठसका लागला, नि तो ठसका काही लवकर बसला नाही.

मग दोघींनी करायचं ते सगळं केलं. क्लोरीननं धुतलं, व्हिनेगरनं पुसलं, डोळ्यांतून पाणी काढलं. कोनाकोनात कोळसा ठेवला, पिशव्यांतून कळीचा चुना टांगला. शेजारणी येऊन आपापले उपाय सांगून गेल्या. त्यांच्याही घरी बुरशी होतीच. गवंडी आला. त्यानं बोटानं भिंत टोकरली. आतली कच्ची वीट ओल्या पावासारखी निघाली.

"पाणी वरून आलं असतं तर कौलं बदलून दिली असती," तो म्हणाला. "हे खालून येतंय. मागच्या परड्याची जमीन उंच आहे, सगळा डोंगर तुमच्या भिंतीत पाणी सोडतोय."

"मग भिंत काढ," ओब्दुलिया म्हणाली.

"काढतो की. पण छप्पर तिच्यावरच बसलंय, त्याला कोण समजावणार?"

दुसऱ्या वर्षी गाउदेन्सियाला दोन उशांवर बसून झोपावं लागायला लागलं. छातीत अशी घरघर की ओब्दुलियाला वाटायचं, खोलीत मांजर शिरलंय. डॉक्टर तरुण होता, भला होता. "बाई, औषध तुम्हाला देतोय," तो म्हणाला, "पण आजारी घर आहे. इथून हला."

हलायचं तर घर विकायला हवं. विकायचं तर गिऱ्हाईक हवं. ओब्दुलियानं सुराद्याची वाट पाहिली. चुना लावला. कपाट भिंतीला चिकटवलं. आणि हालापा शहराहून तरुण जोडपं यायचं ठरलं त्या सकाळी तिनं चुलीवर तवा ठेवून कॉफी भाजायला घेतली. हात आपोआप चालत होता. वकिलानं आणलेली बाई याच पाटावर बसली होती हे तिला आठवलं; ती तशीच ढवळत राहिली. बहिणीला मोकळा श्वास मिळणार होता, बाकी हिशेब देवानं बघावा.

"खोकायचं नाही," तिनं गाउदेन्सियाला बजावलं. गाउदेन्सियानं टॉवेल दातांत धरला.

जोडपं गोड होतं. मुलीला दिवस गेलेले होते, पोट नुकतंच दिसायला लागलं होतं. ती पेरूखाली थांबली, तशीच, हलेना. मग आत आली नि कपाटाला हात लावून म्हणाली, "आजी, पाळणा इथं मावेल नाही? किती गार वाटतं या खोलीत."

"मावेल की," ओब्दुलिया म्हणाली.

स्वयंपाकघरातून गाउदेन्सिया भिंत धरत धरत आली. तोंडातला टॉवेल तिनं काढला.

"पोरी, कपाटामागं बघ," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा दम घ्यावा लागला. मुलीला दुसरं काही बघायची गरज उरली नाही.

ती दोघं गेल्यावर घरात जे भांडण झालं ते पलीकडच्या अंगणात आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"तुझ्यासाठी करत होते मी. तुझ्या छातीसाठी."

"ठाऊक आहे."

"मग तोंड कशाला उघडलंस? दुसरं गिऱ्हाईक कुठून आणू?"

"पाळणा म्हणाली ती, दुलिया."

"तुझी भिंत रडत बसणार आता जन्मभर."

"भिंती रडत नाहीत," गाउदेन्सिया म्हणाली. थोड्या वेळानं करपलेल्या कॉफीचा वास आला.

दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. गावात बोलणं झालं होतं. शेवटी एक लांबची भाची येऊन गाउदेन्सियाला वर पेरोत्याला घेऊन गेली. तिकडं कोरडी थंडी, धूळ नि वारा. ओल औषधाला मिळत नाही. भाचीकडं खाट एकच होती. शिवाय ओब्दुलियाला घर सोडून चालणार नव्हतं. चूल विझली की असलं घर महिन्यात बसतं, नि दोघींकडं दुसरं काहीच नव्हतं. एकत्र राहायला घेतलेल्या घरानं दोघींना दोन गावी ठेवलं.

जाताना गाउदेन्सियानं आपला काळा पोशाख कपाटात अडकवला. पवित्र शुक्रवारचा, चांगल्या कापडाचा.

"हा राहू दे. सुरादा आला की मी येणार. तोवर त्याला बुरशी लागली तर तुझी खैर नाही."

ती आली, पुढच्या सुराद्यात. पहिल्या सकाळी तिनं "उठलीस का" विचारलं नि ओब्दुलियानं "नाही" म्हटलं, नि बराच वेळ पडून राहिली, पुन्हा विचारावं म्हणून. दिवस मावळेपर्यंत गाउदेन्सियाची छाती वाजायला लागली होती. भाचीनं त्यानंतर पाठवलं नाही. "पुढच्या सुराद्यात," असा निरोप मात्र दर वर्षी यायचा.

म्हणून तो दिवा. ओब्दुलियानं आपल्या चपला बुरसू दिल्या, सान आंतोनियोची दाढी वाढू दिली, पण कपाटातला बल्ब विझू दिला नाही. मग बाजारात नवे पांढरे दिवे आले. वीज कमी खातात, वर्षानुवर्षं टिकतात. तिनं एक आणून लावला. आठ दिवसांनी दार उघडलं तर कपाटात लख्ख उजेड होता नि त्या उजेडात पोशाखाच्या बाहीवर राखाडी लव. नवा दिवा तापतच नव्हता. तिनं बाही व्हिनेगरनं पुसली, वरून इस्त्री फिरवली नि तो दिवा उबाल्दोच्या दुकानात परत नेऊन ठेवला. उबाल्दो हार्डवेअरवाला. तो तेव्हापासून पिलांना ऊब द्यायला कोंबड्यावाले नेतात त्यातले जुने बल्ब तिच्यासाठी बाजूला ठेवायचा.

शेजाऱ्यांनी दार ढकलून उघडलं त्या दिवशी ती खाटेवर होती, पांघरूण नीट घेतलेली, कुणी विचारायला नव्हतं म्हणून उत्तर न देता. कपाटातला दिवा जळत होता. तो काळा पोशाख पेरोत्याहून आलेल्या गाउदेन्सियानं अंगावर घातला तो ओब्दुलियाच्याच मयताला जाताना. त्यावर डाग नव्हता. तो आणायला ती घरात शिरायला गेली तर तिला दारातच दम लागला, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आणून दिला.

त्याच आठवड्यात, मरायच्या आधी, ओब्दुलिया उबाल्दोच्या दुकानात गेली होती. चिपी-चिपी लागलेली, शाल डोक्यावरून.

"गरम?" उबाल्दोनं विचारलं.

"गरम. गार माझ्याकडं पुष्कळ आहे."

"कोंबड्यावालेसुद्धा आता गॅस लावतात, मावशी. हे संपले की मिळायचे नाहीत."

"मग एकच दे. बाकीचे कोंबड्यांना राहू देत, त्यांना पिलं आहेत."

उबाल्दोनं बल्ब खोक्यातून काढला, नि नेहमीसारखा गल्ल्याजवळच्या होल्डरमध्ये बसवून लावून दाखवला. ओब्दुलियानं दोन्ही तळहात त्याच्याजवळ धरले.

"लागला, मावशी. बघितलंत ना?"

"थांब जरा. माझी नजर मंद झालीय, नीट बघू दे."

उबाल्दोला हे पाठ होतं. तो खिळे निवडत राहिला. तिचे हात पुरते शेकल्यावर त्यानं बल्ब काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला. ओब्दुलियानं तो शालीच्या आत, छातीशी धरला, नि निवायच्या आत घरी पोचावं म्हणून भिंतीच्या कडेकडेनं निघाली.