भागीआत्याचं टाइमटेबल

आत्या गेल्याची तार मीच घेतली. घाटावरच्या आमच्या लहानशा स्टेशनात तारबाबू, तिकीटबाबू आणि सणासुदीला झाडूवाला असा मी एकटाच असतो, त्यामुळे स्वतःच्या नावाची तारही स्वतःच उतरवून घ्यावी लागते. श्रावणातली सकाळ होती. यंत्र कडकडू लागलं तशी मी पेन्सिल उचलली. तार घेणाऱ्याचा कान फक्त अक्षरं पकडतो, अर्थाच्या नादी लागत नाही. लागला तर पुढची अक्षरं निसटतात. ओळ संपली, पोच दिली आणि मग कागद वाचला. आत्या आज पहाटे वारली, ये, आणि खाली दादाचं नाव... तेवढ्यात गाडीची घंटा झाली. खिडकीशी उभ्या असलेल्या सात-आठ माणसांना तिकिटं दिली, गाडीला हिरवं निशाण दाखवलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर बाकावर येऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की निशाण अजून हातातच आहे.

रजेच्या अर्जात मयत माणूस आपलं कोण ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'आत्या, आईच्या जागी.' बारा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला तोंडी विचारला गेला होता आणि तेव्हा मी वेगळं उत्तर दिलं होतं. ते एकदा सांगून टाकावं म्हणून हे लिहितोय. गेलेल्या माणसाचे गोडवे गाणं मला जमत नाही, आणि आत्याला ते ऐकवलंही नसतं.

भागीरथी ही आमच्या आबांची धाकटी बहीण. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी होता. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच तो एका फेरीवर गेला, तो परत आलाच नाही. आत्या माहेरी आली. रत्नागिरीच्या बंदराच्या वरच्या अंगाला, चढावर आमचं घर. माझी आई मी रांगत असतानाच गेली, त्यामुळे मी आणि दादा आपसूक आत्याच्या वाट्याला आलो. घरात घड्याळ नव्हतं. पण पडावातून मुंबईच्या बोटीवर चढायला निघालेली माणसं खालून ओरडून विचारायची, "भागे, बोट किती लांब गो?" आत्या अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहून, डोळ्यांवर हात धरून धूर बघायची आणि सांगायची, "वाईच भाकर खावून घ्या, मग पडावात बसा." तिचा अंदाज चुकून कोणाची बोट हुकल्याचं मला आठवत नाही. मी शाळेत जायला लागलो तेव्हा माझ्या पाटीशेजारी बसून तीही अक्षरं शिकली. मला मारून मुटकून शिकवावं लागलं. ती नुसती बघून शिकली.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी मुंबईहून आमच्या एका गाववाल्याचं पत्र आलं. रेल्वेचं मोठं प्रदर्शन भरलंय, इंजिनं, डबे, सिग्नल सगळं मांडलंय, शिवाय नोकरीसाठी मॅट्रिकवाल्या पोरांची नावंही तिथेच लिहून घेतायत, पोराला धाडा. आता रत्नागिरीच्या पोराला रेल्वेचं काय कळणार! आमच्याकडे रेल्वे येणार येणार हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. ती येईल तेव्हा खरी. पण नोकरी हवी होती. आबा अंथरुणाला खिळलेले, दादा एकटा राबत होता आणि माझ्या पायाला भिंगरी असूनही तिचा उपयोग शून्य होता. आत्या म्हणाली, "पोराला वाट कोण दाखवील? मी जातंय संगती." खरं तर मुंबई तिनेही पाहिली नव्हती. तिला रेल्वे बघायची होती आणि माझी नोकरी हे निमित्त आयतं सापडलं होतं.

प्रदर्शनाला मी दादाच्या लग्नातला कोट घालून गेलो. बूट शेजाऱ्याचे, एक नंबर लहान. आत्या अनवाणी, साधं लुगडं, खांद्याला पिशवी. पिशवीत भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, आणि सुकटीचा वास काही केल्या लपत नाही. चकाकणाऱ्या इंजिनापुढे गर्दी आ वासून उभी होती. आत्याने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या बोटीचा बायलर ह्याच्याहून मोठा." तिला भुरळ पडली ती दाराशी फुकट वाटत असलेल्या मराठी टाइमटेबलाची. ते वाटणाऱ्या माणसाला तिने विचारलं, "पावसाळ्यात किती महिने बंद ठेवता?"

"बंद? आजी, पावसाळ्यातही चालते."

"आणि ह्यात लिवलंय त्याच वेळेला येते?"

"त्याच वेळेला."

आत्याने एक प्रत मागून घेतली. मृग लागला की आमची बोट बंद, ती नारळी पौर्णिमेला सुरू होणार. एरवीही वारा आणि समुद्र म्हणेल ती वेळ. माणूस अमुक वाजता परत येईल असं कोणी छापून देतं, हेच तिला नवं होतं... बघायला ठेवलेल्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जाऊन ती बाकावर बसली आणि ते पुस्तक वाचत राहिली. दीड तास. मी दोनदा बोलवायला गेलो तर म्हणाली, "थांब रे सदू, अजून गाडी पोचली नाय."

मग माझी पाळी आली. टेबलामागे एक वयस्क हेडक्लार्क होते, आपलेच मराठी गृहस्थ, सोनेरी चष्म्याचे. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून विचारलं, प्रवासी अमुक गाडीने जंक्शनला उतरला आणि त्याची फाट्यावरची गाडी चुकली, तर पुढची किती वाजता? मी तक्त्याकडे बघतच राहिलो. आकडे मुंग्यांसारखे पळायला लागले. पाठीमागून आवाज आला, "सकाळी सवासातला. पण आयतवारी ती नाय, आयतवारी दुपारपर्यंत बसाया लागंल."

हेडक्लार्कनी तक्ता पाहिला आणि टाक खाली ठेवला. हसून म्हणाले, "वा! या कोण तुमच्या?"

मागे रांगेत बारा-पंधरा पोरं होती, इस्त्रीच्या कोटांतली. सुकटीचा वास माझ्याच नाकात चढला होता. मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात."

हे मी बोललो. दुसऱ्या कोणी नाही, आणि कोणी बोलायला लावलंही नाही.

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आत्याने माझ्या हातातली कागदांची गुंडाळी काढून घेतली. "माझ्याकडं दे. लोक बघतात," एवढंच म्हणाली. आणि त्या दिवशी गिरगावात त्या गाववाल्याच्या बिऱ्हाडी पोचेपर्यंत ती माझ्या दोन पावलं मागून चालली, कामाची बाई चालते तशी. मी थांबलो की तीही थांबायची. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी लाजेकाजेस्तव म्हटलं, "आत्या, चल, खऱ्या गाडीत बसवून आणतो." ती म्हणाली, "नको. तुझी नोकरी लागू दे. मग तुझ्याच गाडीत बसंन."

नोकरी लागली. पहिल्या रजेत घरी जाताना तिला काय आणू असं विचारलं, तर लुगडं नको, घड्याळ आण म्हणाली. गजराचं घड्याळ नेलं. त्याआधी एका पत्रात मी सहज लिहिलं होतं की अकरा चाळीसची पॅसेंजर गेली की मी जेवणाचा डबा उघडतो. पुढे वर्षातून एकदा घरी गेलो की ती विचारायची, "नवीन पुस्तक निघालं काय रे?" पुस्तक दर वर्षी निघायचं. माझ्या टेबलावर गठ्ठा पडलेला असायचा. पण निघताना आठवण राहायची नाही, म्हणून मी ठोकून द्यायचो, "तेच चालू आहे, आत्या." ती "बरं" म्हणायची. तिला स्टेशनवर न्यायचंही दर वर्षी ठरायचं. आधी आबांचं आजारपण, मग माझं लग्न, मग मुलाचा गोवर. कारणं सगळी खरी होती. पण फलाटावर कोणी विचारलं, या कोण तुमच्या, तर आत्यादेखत मला खरं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिने माझ्याकडे बघितलं असतं. त्या बघण्याला मी भीत होतो, हेही खरंच होतं.

यंदा शिमग्यानंतर दादाचं पत्र आलं. आत्या हट्टाला पेटलीय, दोन-दोन वाजेपर्यंत जेवत नाही, अंगात ताकद राहिली नाही, तू लिही, तुझं ऐकेल. मी चांगलं खरमरीत लिहिलं. या वयात असं करू नये, माणसाने वेळेवर जेवावं.

तार आली त्या दिवशी निघालो. बोटी बंदच होत्या. कोल्हापूरहून मोटारीने आंबा घाट उतरून घरी पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य झाल्यावर वहिनीने फडताळातलं ते टाइमटेबल माझ्यापुढे ठेवलं. पानं तेलकट, कोपरे झिजलेले. आमच्या स्टेशनाच्या पानावर अकरा चाळीसवर पेन्सिलीची काट होती. शेजारी बारा दहा. त्यावरही काट, मग बारा पन्नास. असं करत करत समासात सगळ्यात खाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एक पंचावन्न. आमची पॅसेंजर यंदा एक पंचावन्नलाच सुटत होती.

"हे कोणी लिहिलं?"

"आत्यानी," वहिनी म्हणाली. "कोल्हापूरच्या मोटारीचा डायवर हाय ना, त्याला दर सालाला दोन नारळ द्यायच्या नि टेसनावरनं विचारून आण म्हणायच्या. तुमी यायच्या आदीच लिवून ठेवलेलं असायचं." मग घड्याळाकडे बोट दाखवून, "घड्याळ पुढ्यात घेऊन बसायच्या, भावजी. म्हणायच्या, गाडी गेली, आता सदू जेवंल. मगच स्वतःचं ताट घ्यायच्या. बारा वर्सं."

"आणि माझं पत्र?"

"वाचलं की. हसल्या. म्हणाल्या, मी वेळेवरच जेवतंय."

मी पुस्तक मिटलं आणि वहिनीसमोरच रडलो.

आत्या जन्मात एकदाच रेल्वेत बसली, आणि तो डबा जागचा हलला नाही. ते पुस्तक मी आता स्टेशनवर आणलंय. तारयंत्राच्या वर खिळ्याला टांगलंय. कोणी विचारलं की सांगतो, माझ्या आत्याचं आहे... या महिन्यापासून वेळा पुन्हा बदलल्या, पॅसेंजर पंचवीस मिनिटं अलीकडे आली. नवीन पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला, तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढलं, खिळ्यावरचं पुस्तक उतरवलं, एक पंचावन्नवर काट मारली आणि शेजारी दीड लिहिला. दीडला गाडी सुटली. मग डबा उघडला.