बोलीवर रचलेला गडगा

पुंजाच्या गडग्याला म्हैस अंग घासायला गेली तर म्हशीचंच कातडं सोलवटतं, गडगा हलत नाही, असं पोशेऱ्याकडच्या पाड्यांवर म्हणतात. गडगा म्हणजे दगडांची कोरडी भिंत. माती नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड आणि फटीत ठोकलेल्या चिपा. खोडाळ्याच्या बाजारात एकदा कुणी डिवचलं, "काय रं पुंजा, तुझ्या गडग्यात साप तरी शिरतो का?" पुंजा म्हणाला, "शिरतो की. पण मला विचारून."

तर असा हा पुंजा. त्याच्या बापापासूनची एक रीत होती. पहिला दगड बसला की काम देणाऱ्यानं नारळ फोडायचा आणि एकाच नारळाचं खोबरं दोघांनी तिथंच तोंडात टाकायचं. खोबरं गिळलं की बोल पक्का. या रितीवर त्यानं अर्ध्या तालुक्यात गडगे रचले आणि कुणी त्याला फसवलं नाही. फसवायला तसं होतंही काय म्हणा कुणाकडे!

मग पाड्यालगतचा माळ बाहेरच्या एका शेठनं भाड्यानं घेतला, रिसॉर्टसाठी. त्याला चारी बाजूंनी पुरुषभर उंच गडगा हवा होता, "एकदम ओरिजिनल." पुंजाला गाडीत बसवून त्यानं माळ दाखवला. पुंजाचं लक्ष मात्र माळाच्या मधून गेलेल्या पायवाटेवर. ती वाट नाल्यातल्या झिऱ्याला जाते. शिमग्यानंतर पाड्याची विहीर तळाला लागते, झिरा आटत नाही. पुंजाची बायको सुकी त्याच वाटेनं पाणी आणायची.

"शेठ," पुंजा म्हणाला, "मजुरी निम्मी द्या. पण ही वाट मोकळी ठेवायची. गडग्याला इथं तोंड ठेवीन मी."

"अरे पुंजाभाऊ, वाट काय माझ्या बापाची आहे? ठेव की तोंड!"

पुंजा खूश. घरी येऊन सांगितलं, तर प्रतिक्षा, त्याची पोरगी, जेवता जेवता थांबली. मोखाड्यात ती अर्ज टाइप करून देण्याचं काम करते. "बाबा, हे सही करून घ्या. तोवर दगडाला हात लावू नका."

"म्हणजे काय, चांगल्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणू?"

"खोटारडा नाय म्हणायचं. सही कर म्हणायचं."

"एकच झालं ते!"

दुसऱ्या दिवशी पहिला दगड बसला. शेठनं नारळ फोडला. पुंजानं खोबरं तोंडात टाकलं. शेठनं आपला तुकडा रुमालात बांधला. "घरी नेतो, बायकोला प्रसाद." पुंजाला वाटलं, किती देवभोळा माणूस!

दिवाळीनंतर लागलेलं काम शिमग्याच्या आत उरकलं. वाटेच्या जागी पुंजानं तोंड ठेवलं ते नुसतं भगदाड नव्हे. दोन्ही अंगांना त्यानं मोठे दगड निवडून सरळ रेषेत बसवले, देवळाच्या दारासारखे. शेठनं ठरलेली मजुरी हातावर ठेवली. पैशाला माणूस खोटा नव्हता.

पाहुणे येऊ लागले. डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बायका बघून त्यांना कोण आनंद! फोटो काय, व्हिडिओ काय. सुकी म्हणायची, "माझा चेहरा आता मुंबईला गेला, मीच राहिले इथं." मग एका बाईंचा मोबाइल हरवला. आरडाओरडा झाला. मोबाइल सापडला त्यांच्याच गाडीत, सीटखाली. पण शेठनं ठरवलं, तोंड बुजवायचं. निरोप पुंजालाच आला.

पुंजा धावत गेला. "शेठ, बोली झाली होती."

"तुझी मजुरी दिली ना मी?"

"निम्मी दिली. निम्मी म्हणजे ही वाट."

"कुठं लिहिलंय?"

"नारळ फोडलाय आपण!"

शेठ मनापासून हसला. "नारळ मी गाडी घेतली तेव्हाही फोडला होता. गाडीशी काय करार केला काय?"

"माझ्या हातानं तोंड बुजणार नाय," एवढंच पुंजा म्हणाला आणि घरी आला. उमेश, त्याच्या बहिणीचा पोरगा, ओट्यावर टेकला होता. पुंजाकडेच तो दगड रचायला शिकलेला. सगळा राग पुंजानं त्याच्यावर काढला. "ऐक रं. सही झाल्याबगार दगडाला हात लावशील तर मला मामा म्हणू नको!"

चार दिवसांनी माळावरून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. पुंजा गेला. तोंडात उमेश उभा होता.

"मामा, तुम्ही सांगितलं तसं केलं. आधी कागद, मग काम." त्याला वर बघवेना. "त्यावर 'उरलेला गडगा पुरा करणे' असं होतं. मला वाटलं मागची बाजू असंल. इथं आलो तेव्हा कळलं. आता सोडलं तर उचल दुपटीनं परत करायची, तेपण लिहिलंय."

पुंजा दगडावर बसला. उमेशनं एक गोल दगड उचलून बसवला.

"तो नको," पुंजा म्हणाला. "चपटा घे. बायका वरून चढायला बघतील. निसटला तर कुणाच्या तरी पायावर पडंल."

उमेशनं चपटा घेतला. पुंजानं शेवटपर्यंत हात लावला नाही, सांगत मात्र राहिला. तोंड बुजलं. पण दोन्ही अंगांच्या त्या सरळ रेषा तशाच राहिल्या. वाट कुठं होती ते आंधळ्यालाही हात फिरवून कळावं. सुकी आता टेकडीला वळसा घालून झिऱ्यावर जाते. "प्रतिक्षाच्या बापा, काय भारी बांधलास रं! मुंगीनं पण अर्ज करावा," असं ती पहिले काही दिवस म्हणायची. मग तेही म्हणेनाशी झाली.

यंदा उन्हाळ्यात खोडाळ्याचे एक गुरुजी घरी आले. जुनी ओळख, सज्जन माणूस. परसाला गडगा घालायचा होता. येताना नारळ घेऊनच आले. "उद्या मुहूर्त करू, पुंजाभाऊ."

"नारळ राहू द्या, गुरुजी. आधी सही करा." पुंजानं प्रतिक्षानं टाइप केलेला कागद पुढं केला.

गुरुजींचा चेहरा उतरला. "आपल्यात कागद? मी तुम्हाला तसला वाटलो?" नारळ ओट्यावर तसाच ठेवून ते निघाले.

सुकी हंडे घेऊन येत होती. वाटेत तिला गुरुजी भेटले, बोलले नाहीत.

"कशाला आले होते?"

"काम होतं. गेलं."

सुकीनं नारळाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. हंडा उतरवला, तांब्या बुडवून त्याच्यापुढं धरला.

"पी," ती म्हणाली. "जपून पी. वळसा घालून आणलंय."