दारातली रुपीबाई

पुसदच्या बायपासला जिथं मोतीसेठचं जिनिंग होतं, तिथं त्यानं मॉल बांधला. कापसाचे वांधे सुरू झाले आणि जिनिंगची यंत्रं वर्षातून दोन महिनेही फिरेनात, तेव्हा त्याला कुणीतरी अक्कल दिली की आता लोक पिकवणार नाहीत, नुसतं विकत घेणार. कशाच्या पैशानं घेणार, हे त्यानं विचारलं नाही आणि अक्कल देणाऱ्यानं सांगितलं नाही. तळमजल्यावर मी, म्हणजे जयानं, इमिटेशन दागिन्यांचं दुकान टाकलं. दुसऱ्याला काय हसायचं!

उद्घाटनाच्या दिवशी माणसं आली ती सरकता जिना बघायला. लादी इतकी चकचकीत की चप्पल घालून आत जायची कुणाची हिंमत होईना. देवळाबाहेर सोडाव्यात तशा काचेच्या दाराबाहेर चपला सुटल्या. मॅनेजर देशकर "चपला घालून या, चपला घालून या" करत बोंबलत फिरला, पण ऐकतो कोण. त्या गर्दीत तांड्यावरच्या बायकांबरोबर रुपीबाई होती. पन्नाशीची, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, आरशांची कांचळी, आणि दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेली चांदीची घुगरी. ही घुगरी बंजाऱ्यांत नवरा जिवंत असलेल्या बाईनंच घालायची. बाकीच्या बायका जिन्यापाशी थबकल्या, तर हिनं एकेकीचा हात धरून वर चढवलं. "चढ वं, खात नाही थो तुले!" पेपरवाल्यानं फोटो काढला, दुसऱ्या दिवशी सेठनं तो पाहिला आणि रुपीबाई दारात नोकरीला लागली. काम एवढंच की नटूनथटून उभं राहायचं, येणाऱ्याला कुंकू लावायचं आणि राम राम म्हणायचं.

"काम सांगत नाही आन् बसू बी देत नाही," ती मला म्हणायची. "याले नोकरी म्हन्तेत का, जयाबाई?"

पण तिनं ती धरून ठेवली, ती नातीसाठी. ममताची आई लहानपणीच गेली. बाप शाम म्हणजे रुपीबाईचा मुलगा, पण पोरीला वाढवलं आजीनं. शाळा सुटली की ममता माझ्या दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की आजी तिला ढावलो शिकवायची. सासरी निघताना बंजारा नवरी घरातल्या एकेकीच्या गळ्यात पडून गाण्यात रडते, तो ढावलो. प्रत्येकीसाठी वेगळं कडवं. आजीचं कडवं सगळ्यांत लांब, आणि रुपीबाई ते पोरीकडून घोटून घ्यायची. "माह्या गळ्यात पडशीन तवा चुकू नको. मी येकच डाव आयकनार हावो." तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. हे मी साक्षीनं सांगते.

मॉल कसा मेला ते सांगायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडं दिवाळीचे कपडे पहिल्या वेचणीच्या कापसावर. तो कापूस भावाची वाट पाहत घराघरांत पडून राहू लागला. माणसं यायची, पण गार हवेला. एखादा शर्ट हातात घ्यायचा, किंमत वाचायची, आणि होता त्यापेक्षा नीट घडी घालून परत ठेवायचा. आधी बुटांचं दुकान गेलं, मग पोरांचे खेळ गेले. गार हवा बंद झाली. सरकता जिना सरकायचा थांबला आणि त्यावर कुत्री झोपू लागली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

त्याच दिवसांत रुपीबाईचा नवरा बाबुलाल काविळीनं गेला. तिनं घुगरी उतरवली, फडक्यात बांधून ममतासाठी ठेवली आणि तेरावं उरकून साध्या ओढणीत कामावर आली.

देशकरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घुगरी कुठाय?"

"मानूस मेला, साहेब."

"वाईट झालं. पण आधीच इथं मसणवटा झालाय, त्यात दारात विधवा उभी केली तर उरलेले चार जणही परत फिरतील. नटून उभी राहा, नाहीतर घरी जा."

शाळांच्या गॅदरिंगला पोरी लमाणी नाच करतात, त्यासाठी माझ्याकडं पांढऱ्या पत्र्याची घुगरी असायची. देशकरनं ती मागवली. रुपीबाईनं ती हातात घेऊन खूप वेळ वाजवून पाहिली. आवाज बसका.

"पत्र्याची हाय," ती शेवटी म्हणाली. "पत्र्याले नवरा नाही लागत." आणि घातली.

मग रोज सकाळी माझ्या दुकानात घालायची, संध्याकाळी काढून खोक्यात ठेवायची आणि डोक्यावरून ओढणी घेऊन तांड्यावर जायची. तांड्यावरचं आता कुणी मॉलकडं फिरकत नव्हतं, म्हणून वर्षभर कुणाला कळलं नाही.

मग मॉल बंद करायचं ठरलं आणि सेठनं शेवटचा सेल लावला. पत्रकं छापली. त्यावर रुपीबाईचा ताजा फोटो, कपाळभर कुंकू, कानशिलांवर घुगरी, हात जोडलेले. तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. भोंगा लावलेला ऑटो ती पत्रकं उधळत गावोगाव फिरला आणि फिरत फिरत तिच्याच तांड्यावर गेला.

नेमकी तेव्हाच ममताची सोयरीक महागावकडं जुळली होती. नवऱ्या मुलाची आजी सोनीबाई पत्रक घेऊन तांड्यात आली. "बाबुलाल मरून वरीस झालं. मंग हे घुगरी कोनाच्या नावाची?"

मी पत्र्याची घुगरी घेऊन धावत गेले. तांड्याचे नायक भीमसिंग भला माणूस. त्यांनी ती तळहातावर तोलली आणि म्हणाले, "बाई खरं बोलून राह्यली. पत्राच हाय."

"म्हंजे मेल्या मानसाच्या जागी पत्रा बसवला?" सोनीबाई म्हणाली. "हे तं त्याहून वंगाळ."

नायकांनी घुगरी माझ्या हातात परत दिली. मला तर सोनीबाईची जीभ उपटावीशी वाटली, पण मी बौद्ध, त्यांच्या बैठकीत पाहुणी. शेवटी तोडगा निघाला. लग्न होईल, पण आजीची घुगरी सुनेच्या केसांत नको, आणि आजी मांडवात नको. शाम आईकडं न बघताच हो म्हणाला. रुपीबाईनं एवढंच म्हटलं, "पोरीचं मोडू नका."

चांदी मात्र कुणाला सोडवत नाही. शामनं ती घुगरी सोनाराकडं वितळवून ममताला पैंजण केले. ते सोनीबाईला चालले.

मॉलचं पुढं मंगल कार्यालय झालं. गरज सरो, वैद्य मरो. देशकरनं रुपीबाईला घरी बसवलं. मी तिथंच कोपऱ्यात राहिले, नवरीचे दागिने भाड्यानं द्यायला. भाडं कमी म्हणून शामनं ममताचं लग्न तिथंच ठरवलं.

लग्नाच्या दिवशी रुपीबाई आली. आत पाऊल टाकलं नाही. काचेच्या दाराबाहेर, आपल्या जुन्या जागेवर, पांढऱ्या ओढणीत उभी राहिली. आत भाड्याचे गालिचे होते आणि चपला बाहेर काढा अशी पाटी. वऱ्हाडी आले, त्यांनी तिला पाहिलं, चपला सांभाळणारी बाई समजून त्या तिच्यापुढं काढल्या आणि आत गेले. ती खाली बसली आणि जोड्या लावू लागली.

"मावशी, चाला घरी," मी म्हटलं.

"आयकू दे," ती म्हणाली.

दुपारी आतून ढावलो सुरू झाला. ममताचा आवाज ओला, पण एक सूर चुकला नाही. काकू झाली, आत्या झाली, मैत्रिणी झाल्या. रुपीबाईचे ओठ हलत होते. मग आजीचं कडवं यायची वेळ आली आणि ममता थांबली. सोनीबाई शेजारीच उभी होती. ममतानं ते कडवं गाळलं आणि पुढच्या बाईच्या गळ्यात पडली.

रुपीबाईचे ओठ मात्र हलतच राहिले. पूर्ण कडवं तिनं एकटीनं म्हटलं, बिनआवाजाचं. मला रडू आवरेना.

नवरी बाहेर आली. रुपीबाईनं नातीच्या चपला शोधून सरळ करून पुढं ठेवल्या होत्या. ममतानं खाली पाहिलं, वर पाहिलं नाही. चपलांत पाय घालताना पैंजण वाजले, आणि रुपीबाईचा हात त्या आवाजाकडं गेला, तो अर्ध्यातच परतला.

मागून नवरा मुलगा आला. त्याला बिचाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं खिशातून एक नोट काढली आणि चपला सांभाळणाऱ्या म्हातारीच्या हातावर ठेवली.

रुपीबाईनं ती कपाळाला लावली. मग उठून उभी राहिली आणि दोन्ही हात जोडून, इतकी वर्षं म्हणायची तसंच, सगळ्यांना राम राम म्हणाली.