भाईनं सांगितलेली सुपरहिरोची गोष्ट

मंडळी, आम्ही घर बदलतोय. आज दिवसभर कपाटं रिकामी करून कंबर पार मोडली. शेवटच्या कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक निघालं, आणि मी ते घेऊन फरशीवरच बसले.

ऐंशीच्या दशकात मामूंनी ते कुवेतहून आणलं होतं. सुपरहिरोची गोष्ट, आणि सोबत फक्त त्याच पुस्तकाबरोबर मिळणारा त्याचा छोटा बाहुला. बाहुला भाईनं पटकावला, पुस्तक माझ्या वाट्याला आलं. मला इंग्रजी येत नव्हतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

मग भाई रोज चित्रांवर बाहुला नाचवत मला गोष्ट सांगायचा. शेवटी एक मुलगी राक्षसाला लोळवून सुपरहिरोला सोडवायची.

आज ते पहिल्यांदाच वाचलं. त्यातली मुलगी शेवटपर्यंत नुसती रडते!

लगेच मुरगूडला भाईला फोन लावला. "भाई, तू सगळं खोटं सांगितलंस की!"

"मग? तू आधीच रडत हुतीस. पुस्तकातली पोरगीबी रडतीया म्हणून सांगू व्हय?"

अजून स्वयंपाकघर आवरायचंय, पण आता उठवत नाही. तुम्हाला लहानपणी गोष्टी कोण सांगायचं?