अडीच इंची फुटबॉल

नगरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी द्रवयांत्रिकी शिकवते. सासर कर्जत तालुक्यात. लग्नात सासऱ्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "आमची सूनबाई पान्याची इंजिनेर हाय." तेव्हापासून ही पदवी मी गुपचूप मिरवत होते.

एका शनिवारी गावी निघताना मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला. "येताना अडीच इंची फुटबॉल आना. चांगल्यातला."

मामा शाळा समितीवर आहेत, तेव्हा पोरांसाठी असणार. खेळाच्या दुकानदाराला माप सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मामांना यातलं काय कळतंय, असं म्हणून मी पाच नंबरचा घेतला, वर हवाही गच्च भरून घेतली.

मामा विहिरीवर होते. मोटार नुसतीच घुरघुरत होती, पाण्याचा थेंब नाही. चार दिवस पाणी नसल्यानं कांद्यानं माना टाकल्या होत्या आणि लाइट दोनच तास राहणार होती.

मामांनी चेंडू हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघितला. "ह्यो हिरीत सोडू व्हय?"

"मग?"

"आवो, पाइपाच्या बुडाला असतुया त्यो! पानी माघारी जाऊ देत न्हाई."

"फूट व्हॉल्व्ह!" मी ओरडलेच.

"मंग मी काय म्हनलो?"

दरवर्षी फळ्यावर काढायची मी तो, जाळीसकट. हातात कधी धरला नव्हता. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. कर्जतची दुकानं तोवर बंद झालेली.

मामांनी बादलीभर शेणकाला कालवला आणि पंपाच्या तोंडातून ओतला. शेण खाली जाऊन व्हॉल्व्हच्या फटीत बसलं, गळती थांबली. पाइप पाण्यानं भरून त्यांनी बटण दाबलं. आधी हिरवट, मग स्वच्छ पाणी धो धो पडायला लागलं आणि दांडातून कांद्याकडे निघालं. माझा चेंडूही त्याच्यासोबत निघाला.

"हे तुमच्या बुकात हाय का?" मामांनी विचारलं.

"नाही," म्हटलं, आणि मामांबरोबर मीही पोट धरून हसले.

हसता हसता मध्येच थांबले. गेल्या परीक्षेत एका पोरानं पंपाची आकृती काढून पाइपाच्या बुडाशी बाण दाखवला होता: 'फुटबॉल'. मी त्याला शून्य दिलं होतं. शेजारी लाल शाईनं लिहिलंही होतं, 'पेपर म्हणजे खेळाचं मैदान नव्हे.'